कोहळा फुटल्यावरचा तास

हैदराबादहून परत आल्यापासून जो भेटतो तो बिर्याणीचं विचारतो, आणि त्याचं समाधान झालं की मोत्यांचं. बिर्याणी खाल्ली, एकदाच, आणि छान होती. मोती आणले नाहीत. चारमिनारही पाहिला नाही, कारण तो ज्या बाजूला आहे त्या बाजूला माझं काम नव्हतं. "मग एवढे दिवस तिथं केलंस तरी काय?" असं माझ्या बहिणीनं विचारलं तेव्हा मी तोंडी सांगायला गेले आणि सगळं उलटसुलट झालं. म्हणून हे लिहून काढते आहे.

मी चित्रपटांची संकलक आहे. दिग्दर्शक जे चित्रित करून आणतो त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कशाला काय जोडायचं, हे ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य अंधाऱ्या खोलीत गेलं. त्या खोलीत मी सुखी होते. पण आमच्या नाशिकच्या एका कॉलेजात येत्या जूनपासून चित्रपटनिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू होतो आहे आणि तिथल्या प्राचार्यांना कुणीतरी माझं नाव सुचवलं. त्यांनी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "विभाग तुम्ही सांभाळा. आठवड्याभरात हो की नाही ते कळवा."

माझी झोपच उडाली. माझे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. ज्याला गणित येतं त्याला ते शिकवता येतंच असं नाही, हे मी घरात बसून पाहिलेलं आहे. मला संकलन येतं. शिकवता येतं का, हे कोण सांगणार? आणि एकदा हो म्हटल्यावर येत नाही असं निघालं, तर तीस-चाळीस पोरांची वर्षं वाया जाणार. या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस माझ्या ओळखीत होतं आणि ते राहत होतं हैदराबादला.

बरकतपुरा

शैलजा बिरादार काचीगुडा स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. माझी बॅग पायापाशी घातली, मला मागे बसवलं आणि म्हणाली, "लई वाळलीस गं नंदे. नाशकात जेवायला देत नाहीत का? सरे, पदा, पदा! घरी जाऊन बोलू." सरे म्हणजे बरं आणि पदा म्हणजे चल. तिच्या मराठीत तेलुगू अशी अधूनमधून डोकावते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

तिचे वडील उदगीरजवळच्या एका गावचे. घरी शेती होती. नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. उदगीर पूर्वी हैदराबाद संस्थानातच असल्यामुळे आपण परमुलखात आलो असं त्यांना कधी वाटलंच नाही. शैलजा तेलुगू सिनेमात प्रॉडक्शनचं काम करायची. म्हणजे उद्या शूटिंग कुठे, कोण किती वाजता येणार, गाड्या किती, जेवण किती जणांचं, हे सगळं बघायचं. आमची ओळखही अशीच झाली. एका मराठी चित्रपटाचं चित्रीकरण इथल्या स्टुडिओत होतं आणि नायकाचं विमान चुकलं. आमची मुंबईची मंडळी एकमेकांवर ओरडत असताना ही बाई एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, चार फोन केले आणि दिवसाचा सगळा क्रम फिरवून मोकळी झाली. आवाज एकदाही चढला नाही. त्या दिवसापासून मी तिची चाहती आहे.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी असायचं कारण वेगळं होतं. सिनेमात असतानाच तिनं एम.ए. केलं आणि विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवायला सुरुवात केली. रात्रभर शूटिंग असलं तरी सकाळी तोंडावर पाणी मारून वर्गात. पुढे, ठरवलेला चित्रीकरणाचा दिवस नेमका कशानं फसतो, या विषयावर तिनं डॉक्टरेट केली आणि कायमची प्राध्यापक झाली. अजूनही उन्हाळ्याच्या सुट्टीत ती एका सिनेमाचं प्रॉडक्शन बघते आणि चार विद्यार्थ्यांना हाताखाली घेते. सिनेमावाले तिला "प्रोफेसर मॅडम आल्या, वह्या काढा रे" म्हणून चिडवायचे आणि विद्यापीठातले काही मास्तर पाठीमागे "शूटिंगवाली" म्हणायचे. दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधे पडतो म्हणतात. ही पडली नाही, उलट दोन्ही काठांवरच्या लोकांची तिच्यावरून ये-जा सुरू झाली.

बरकतपुऱ्यातलं तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जेवायला ज्वारीची भाकरी आणि अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडीत कण्या घालून वर लसणाची फोडणी देतात. इथे तिला गोंगुरा म्हणतात आणि तिची आंबट, तिखट, तेलकट चटणी करतात. मी मिसळीच्या गावची, तिखटाला घाबरत नाही असं म्हणून मोठा घास घेतला आणि नंतर बराच वेळ नुसतं ताक पीत बसले. शैलजा हसून हसून लाल झाली. "हल्लू खा गं," ती म्हणाली. "हैदराबाद आहे, सगळं हल्लू."

विद्यापीठ

विद्यापीठाच्या आवारात प्रचंड दगड एकावर एक असे ठेवलेत की आता पडतील की मग, असं वाटतं. ते पडत नाहीत. त्यांच्या सावलीत पोरं डबे खात बसतात. आमच्याकडे असे दगड असते तर कुणीतरी शेंदूर लावून मोकळं झालं असतं.

शैलजाचा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. आत आली आणि तेलुगू, हिंदी, इंग्रजी यांची मिसळ करत म्हणाली, "पहाटेची वेळ आहे. नायिकेच्या आईला बरं नाही, ती दुपारी निघून जाणार. कॅमेऱ्याची गाडी बंद पडली आहे. पहिला फोन कोणाला?" एक पोरगा म्हणाला दिग्दर्शकाला. दुसरी म्हणाली निर्मात्याला. एकानं मेकॅनिक सांगितला. खूप वेळ भांडून झाल्यावर शैलजा म्हणाली, "जेवणवाल्याला. आज किती माणसं किती वाजता जेवणार, ते सगळं बदललं ना? दिग्दर्शक रागावला तर दुपारी समजूत काढता येते. लाइटवाला उपाशी राहिला तर दुपार हातची गेली." पोरं हसली. मग तिनं त्यांच्याकडून खरोखर तो सगळा दिवस नव्याने बसवून घेतला. मी इतकी वर्षं सिनेमात काढून जे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या तासात शिकले.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. वर्गात ती विद्यार्थ्यांना सरळ अरेतुरे करते. पण त्यांच्या फिल्मचं शूटिंग सुरू झालं की तीच पोरं "सिंधुजा गारू", "किरण गारू" होतात. गारू म्हणजे आपलं राव किंवा ताई. सेटवर जो काम करतो त्याला मान द्यायचा, मग तो काल तुझ्याच वर्गात उठाबशा काढत असेना का, असा तिचा दंडक आहे. आमच्याकडे सेटवर मान फक्त वयाला आणि मानधनाला मिळतो.

मी अशी कौतुकात बुडालेली असताना ती म्हणाली, "उद्याचा तास तुझा." मी नाही म्हणून पाहिलं. "मग आलीस कशाला? माझं तोंड बघायला?" ती म्हणाली.

रात्रभर तयारी केली. मी संकलित केलेला एक गाजलेला प्रसंग दाखवायचा आणि तो कसा घडला ते सांगायचं, असं ठरवलं. प्रसंग दाखवला. मग त्यातल्या नटाचा स्वभाव, दिग्दर्शकाशी झालेली खडाजंगी, शेवटच्या क्षणी मी केलेला बदल, असं सगळं रंगवून सांगितलं. पहिल्या रांगेतली पोरं माना डोलवत होती. दुसऱ्या रांगेतल्या एकानं जांभई दाबली. तिसऱ्या रांगेच्या चेहऱ्यांवर मोबाइलचा निळा उजेड पडला होता. प्रश्न विचारा म्हटलं तर कुणी विचारेना. शेवटी सिंधुजा नावाच्या एका मुलीला माझी दया आली असावी. तिनं विचारलं, "मॅडम, वो हीरो सच में इतने गुस्सेवाले हैं क्या?" बस्स, एवढंच काय ते माझ्या तासाचं फळ.

वडिलांची फार आठवण झाली. उत्तर मिळालं होतं, आणि ते "नाही" होतं.

नारायणगुडा

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा मला नारायणगुड्याला नाश्त्याला घेऊन गेली. शाळांकडे चाललेल्या पोरांच्या रिक्षा, शटर वर करणारे दुकानदार आणि टिफिनच्या दुकानापुढे उभ्यानं खाणारी माणसं. तिथे मी पेसरट्टू खाल्ला. मुगाचं धिरडं असतं आणि त्याच्या पोटात चक्क उपमा भरलेला असतो. एका नाश्त्याच्या पोटात दुसरा नाश्ता हा विचार ज्याला सुचला त्याला माझा दंडवत. वर आल्याची चटणी.

"प्राचार्यांना 'नाही' म्हणून कळवते," मी म्हणाले.

शैलजानं खाणं थांबवलं नाही. "तू काल काय शिकवलीस?"

"संकलन."

"नक्को गं. तू तुझी गोष्ट सांगितलीस. गोष्ट चांगली होती, मला आवडली. पण त्या पोरांच्या हाताला काय लागलं?"

मग ती तिच्या पहिल्या वर्षाचं सांगू लागली. सेटवरून थेट वर्गात गेलेली, तेव्हा तिला वाटलं शिकवणं म्हणजे कामं वाटून देणं. पोरांना तिनं असिस्टंटसारखं पळवलं. महिन्याभरात सगळा वर्ग विभागप्रमुखांकडे तक्रार घेऊन गेला. "मला वाटलं, संपलं. परत सिनेमात जावं. मग ध्यानात आलं की मला येतंय ते सगळं मी कधीतरी अडल्यावरच शिकलेय. मग पोरांना पण आधी अडवायला लागते. अडली की ती आपोआप आपल्याकडं बघतात. तेव्हा सांगायचं. त्याच्या आधी सांगितलेलं सगळं हवेत जातंय."

हे ऐकून मला पटलं, पण धीर आला असं म्हणणार नाही. अडवायचं कसं, हे तिला कळतं. मला अंधाऱ्या खोलीत एकटीनं बसायची सवय. पोरं तिथे येऊन अडणार कशी?

"आज सिंधुजाच्या फिल्मचा शेवटचा दिवस आहे," ती हात धूत म्हणाली. "चल, बस कोपऱ्यात. काल तुला वाचवली ना तिनं?"

अंबरपेठ

शूटिंग अंबरपेठेत पाटीलकाकांच्या घरी होतं. काका मूळचे शैलजाच्या वडिलांच्या गावचे. त्यांचं इथे भांड्यांचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. स्वयंपाकघराचा जुना ओटा फोडून नवा करायचा होता, मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. तोपर्यंत काय शूटिंग करायचं ते करा, असं म्हणून काकांनी घर पोरांच्या ताब्यात दिलं होतं. मी लिहिते वगैरे असं शैलजानं त्यांना सांगून ठेवलेलं. "लिहा की आमच्यावर," काका म्हणाले. "नातवंडं मराठी बोलतात बघा, पण वाचायला परेशान होतात. मीच वाचून दाखवीन त्यांना, हौ."

सिंधुजाची फिल्म तेलुगूत होती, आणि तरी मला सगळी कळली, कारण तिच्यात संवादच नव्हते. सासू वारली आहे. दिवस पार पडले, पाहुणे परतले. सून आणि सासरा पहिल्यांदाच स्वयंपाकघरात दोघंच आहेत आणि आता चहा कुणी करायचा हे दोघांनाही कळत नाही. एवढीच फिल्म. मला ती कल्पना ऐकूनच आवडली. कालच्या तासाला मुलीनं नटाच्या रागाचं का विचारलं असेल, ते आता कळलं. बिचारीला दुसरं काही विचारण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

पोरांचं काम बघण्यासारखं होतं. कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं, आरडाओरडा नाही. प्रत्येक शॉट चालू असताना सिंधुजा कॅमेऱ्याच्या मागून कलाकारांना सांगत होती, "इप्पुडु चूडंडी," म्हणजे आता बघा, मग आता नका बघू, आता ग्लास उचला. दुपारी काकूंच्या भाकऱ्या आणि मेसमधून आलेला भात-पप्पू, म्हणजे वरण-भात, सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ला. वाढायला दिग्दर्शिका स्वतः होती. शैलजाच्या हाताखाली हाच रिवाज आहे, शेवटच्या दिवशी दिग्दर्शकानं सगळ्यांना वाढायचं.

चारच्या सुमाराला काम संपलं. आमच्याकडे चित्रपट नारळ फोडून सुरू होतो, पण संपतो कधी ते देवालाही माहीत नसतं. इथे शेवटच्या दिवशी कोहळा फोडतात. त्याला गुम्मडिकाया म्हणतात. कोहळ्यावर कापूर पेटवून तो कॅमेऱ्याला ओवाळायचा आणि अंगणात जोरात आपटायचा. एकदा तो फुटला की त्या सिनेमाचं शूटिंग संपलं. त्यानंतर काही राहिलं असं म्हणायचं नाही. त्यामुळे फोडण्याआधी प्रत्येक विभागाला विचारायचं की तुमचं झालं का. सिंधुजानं मोठ्यानं विचारलं. कॅमेरा म्हणाला झालं. लाइट, कपडे, मांडामांड, सगळे झालं म्हणाले. ध्वनीचं काम बघणारा किरणही झालं म्हणाला. कोहळा फुटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि सिंधुजा खरोखरच रडायला लागली. शैलजानं तिला जवळ घेतलं. मलाही भरून आलं.

मी डोळे पुसत आत पर्स घ्यायला गेले. रिकामं स्वयंपाकघर बघितलं आणि सवयीनं माझ्या डोक्यात ती फिल्म जुळायला लागली. सून बसली आहे. सासरा बसला आहे. कुणी बोलत नाही. आणि ऐकू काय येतंय?

मी बाहेर आले आणि किरणला विचारलं, "या स्वयंपाकघराचा आवाज कुठे आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "डायलॉगच नहीं हैं ना मॅडम, तो साउंड का क्या काम?" त्यानं आवाज टिपायचं यंत्र सकाळपासून पिशवीतून काढलंच नव्हतं.

चूक त्या एकट्याची नव्हती. इथे बहुतेक सिनेमांचे आवाज नंतर स्टुडिओत भरतात. त्यामुळे शॉट चालू असताना दिग्दर्शक खुशाल बोलत राहतो आणि जागेचा आवाज घ्यायचा असतो हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. एरवी खपून जातं. पण या फिल्ममध्ये माणसं बोलतच नाहीत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती मिनिटभर तरी वेगळी घेऊन ठेवावी लागते. ती नसेल तर पडद्यावर अशी पोकळी पडते की बघणाऱ्याला वाटतं स्पीकरच गेला. आणि सकाळी तर मिस्त्री ओटा फोडणार होता.

हे मी सगळ्यांना सांगितलं. एकदम सगळे बोलायला लागले. एक म्हणाला, फ्रिजचा, नळाचा आवाज इंटरनेटवर मिळतो. "मिळतो," मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला." सिंधुजाचा चेहरा उतरला होता. "गुम्मडिकाया फूट गया मॅडम," ती म्हणाली. "अब नक्को." तिचे मामा सिनेमात लाइटमन. कोहळा फुटल्यावर कामाला हात लावू नये हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं.

मी शैलजाकडे पाहिलं. आता ही निस्तरेल, असं माझ्या मनात. ती पुढे आली आणि सगळ्या पोरांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "माझ्याही ध्यानात आलं नाही. आयुष्य डबिंगच्या सिनेमात गेलं माझं. हे मला येत नाही." मग माझ्याकडे वळली. "नंदा गारू, आता सेट तुमचा."

एका प्राध्यापिकेनं आपल्या विद्यार्थ्यांपुढे "हे मला येत नाही" असं इतक्या सहज म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि तेवढीच धडकीही भरली, कारण सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. पोरं अडली होती.

मी त्यांना आत घेऊन गेले. जमिनीवर बसवलं. डोळे मिटा म्हटलं. "काय ऐकू येतंय ते एकेकानं सांगा." आधी कुणाला काही ऐकू येईना. मग नळाचा थेंब सापडला. मग शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, भिंतीवरचं घड्याळ, गल्लीतून जाणारा भाजीवाला, काकूंच्या बांगड्या. एकेक सापडला की पोरं हसायची आणि पुन्हा कान द्यायची. मी सिंधुजाला विचारलं, "तुझी सून इथे बसली आहे. तिला यातलं काय ऐकू येतं?"

ती डोळे न उघडताच म्हणाली, "फ्रिज." आणि हळूहळू सांगू लागली. तिची आई गेली तेव्हा घरात पंधरवडाभर माणसं होती. शेवटचे पाहुणे गेले, दार लागलं, आणि ती स्वयंपाकघरात आली तेव्हा पहिल्यांदा फ्रिजचा आवाज आला. तो रोजच येत असणार, पण आई असताना तो तिनं कधी ऐकला नव्हता.

माझ्या अंगावर काटा आला. नंतर लक्षात आलं की या स्वयंपाकघरात फ्रिजच नव्हता. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून पोरांनी तो सकाळीच व्हरांड्यात नेऊन ठेवला होता.

"मॅडम, पण गुम्मडिकाया..." सिंधुजा पुन्हा म्हणाली, पण या खेपेला तिचा आवाज विचारणारा होता.

दारात उभे राहून काका हे सगळं ऐकत होते. "कोहळा कशावरनं ओवाळला?" त्यांनी विचारलं.

"कॅमेऱ्यावरून."

"मग कॅमेरा झोपला. ह्या पोराचं यंत्र तर पिशवीतनं बाहीरच आलं नव्हतं. त्याचं शूटिंग सुरूच झालं नाही तर संपंल कसं?"

यावर सगळे इतके हसले की काकू बघायला आल्या. सिंधुजा उठली आणि पहिली जाऊन फ्रिजला भिडली. चौघांनी तो उचलून आत आणला. त्यातलं ताक सांडलं, ते पुसलं. फ्रिज लावला तर हूं की चूं नाही. एकानं हलकीच लाथ घातली, काका ओरडले, आणि फ्रिज धडधडून सुरू झाला. किरणनं यंत्र ओट्याजवळ ठेवलं, कानाला हेडफोन लावले आणि त्याचा चेहरा असा बदलला की काय सांगू! त्यानं हेडफोन काढून सिंधुजाच्या कानाला लावले, तिनं दुसरीच्या, असे ते सगळ्यांकडे फिरले. खोली नुसती बघायची नसते, ऐकायचीही असते, हे त्यांच्या हाताला लागलं होतं.

मी काकूंकडून परात मागितली आणि सगळ्यांचे मोबाइल बंद करून तिच्यात टाकायला लावले. परात बाहेर पाठवली. मग म्हणाले, "आता कुणी हलायचं नाही, श्वाससुद्धा हळू." काका-काकू, कलाकार, शैलजा, सगळे आहेत तिथे उभे राहिले. किरणनं बोट वर केलं. नळ ठिबकत होता, घड्याळ चालत होतं आणि फ्रिज एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा घरघरत होता. सिंधुजा डोळे मिटून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हलत नव्हती. ते बघताना माझ्या मनात दुसरं काही म्हणजे काही नव्हतं, फक्त हे मिनिट नीट पार पडू दे एवढंच होतं.

आणि फोन वाजला. खणखणीत आवाजात, त्या खोलीतच.

सगळ्यांनी रागानं इकडेतिकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग लक्षात आलं की वाजतोय तो माझ्या काखेतल्या पर्समध्ये. शरमेनं मी अर्धी झाले. घाईघाईनं बंद करायला गेले आणि उचललाच गेला. प्राचार्य होते.

"काय मॅडम, काय ठरलं मग?"

"सर, आत्ता बोलता येणार नाही," मी म्हणाले. "माझा तास चालू आहे."

त्यांनी विचारलं, "तास? कुठे?"

"आज अंबरपेठेत. जूनपासून तुमच्याकडे."

फोन बंद करून दारातून बाहेर परातीत टाकला, तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले ते. आतून हसू फुटत होतं. शैलजानं नुसती मान हलवली. सिंधुजानं ओढणीनं तोंड पुसलं आणि एखाद्या पोक्त दिग्दर्शिकेच्या थाटात मला बजावलं, "वन मोर, मॅडम. इस बार आप भी नहीं हिलेंगे."

"वन मोर," मी म्हणाले, आणि आम्ही सगळे पुन्हा गप्प उभे राहिलो.